विरजण

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

दही लावायचे तर विरजण लागते. आणि विरजण म्हणजे तरी काय, तर कालचे दहीच. म्हणजे दही करायला आधी दही हवे. मग जगातले पहिले दही कोणी आणि कशाने लावले, असा प्रश्न लहानपणी मी अम्माला विचारला होता. ती म्हणाली, "ते मला नाही ठाऊक. आपलं संपलं की शेजारच्या काकूंकडून वाटीभर आणायचं, एवढं ठाऊक आहे."

आज मला बोलायचे आहे ते संगणकाविषयी, त्यातही सुरूच न होणाऱ्या संगणकाविषयी. कवीने यंत्राच्या भानगडीत का पडावे, असे काही श्रोत्यांना वाटेल. मी बी.ए. झालेला माणूस. शाळेत विज्ञानाच्या तासाला मी खिडकीबाहेर बघत असे. पण एका पावसाळ्यात या यंत्राने मला असे काही घाबरवले, की त्याच्या जन्माची कहाणी शोधणे भाग पडले.

ते २०१२ साल होते. जुलै महिना. रात्री मी टाइप करत होतो. वीज गेली, आली, पुन्हा गेली. मी कंटाळून झोपलो. सकाळी बटण दाबले. पंखा फिरला, हिरवा दिवा लागला, एक बारीक 'टूक' असा आवाज झाला आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची एक ओळ उमटली : 'एनटीएलडीआर इज मिसिंग'. पुन्हा सुरू करण्यासाठी कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट ही तीन बटणे एकदम दाबा, असा सल्लाही होता. मी दाबली. पुन्हा तीच ओळ. दुपारपर्यंत मी ती तीन बटणे किती वेळा दाबली असतील, याचा हिशेब नाही.

त्या यंत्रात माझ्या कविता होत्या. त्या गेल्या असत्या तर मराठी कवितेचे फारसे काही बिघडले नसते. पण त्यात अम्माच्या ओव्याही होत्या. दोनशे चौदा ओव्या. अम्माला लिहिता-वाचता येत नव्हते. घरात आम्ही दखनी बोलायचो, पण जात्यावर बसली की तिच्या तोंडून मराठी ओवी यायची, तिच्या गावच्या सगळ्या बायकांच्या तोंडून यायची तशीच. २००६-०७ च्या हिवाळ्यात दुपारी ती सांगायची आणि मी टाइप करायचो. कागदावर मी एकही उतरवली नाही, कारण संगणक होता ना! २०१० मध्ये अम्मा गेली. दोन वर्षांनी त्या काळ्या पडद्यासमोर बसून मी ओव्या आठवू लागलो. अकरा आठवल्या.

यंत्र रिक्षात घालून एका दुकानात नेले. तिथल्या मुलाने तीच तीन बटणे दाबली आणि म्हणाला, "फॉरमॅट मारावं लागेल."

"आणि आतलं?"

"आतलं जाईल."

इतक्या सहजपणे म्हणाला, जणू पाणी ओतून देणार होता. मी यंत्र पुन्हा रिक्षात घातले आणि घरी आणले. पुढे काय झाले ते सांगतो, पण त्याआधी थोडा इतिहास. कारण यंत्र का उठत नाही हे समजायचे, तर ते मुळात उठते कसे हे समजायला हवे.

आपण बटण दाबतो त्या क्षणी संगणकाची चालती स्मृती, म्हणजे जिला रॅम म्हणतात ती, कोरी असते. वीज गेली की तिच्यातले सारे पुसले जाते. सगळा शहाणपणा हार्ड डिस्कवर लिहून ठेवलेला असतो. पण डिस्क ही पोथी आहे, ती स्वतःला वाचत नाही. ती वाचायची कशी, हे सांगणाऱ्या सूचना स्मृतीत असाव्या लागतात. आणि त्या सूचना स्मृतीत आणायच्या तर पुन्हा कुणीतरी काहीतरी वाचायला हवे. दही लावायला दही हवे! सुरुवातीच्या साऱ्या संगणकांपुढे हाच पेच होता, आणि पहिले विरजण होते माणसाचे बोट.

इंग्लंडमधल्या मँचेस्टर विद्यापीठात २१ जून १९४८ रोजी एका यंत्राने स्वतःच्या स्मृतीत साठवलेला कार्यक्रम पहिल्यांदा चालवला. त्या यंत्राला पुढे लाडाने 'बेबी' म्हणू लागले. बाळ कसले, खोलीभर पसरलेले धूड होते ते. स्मृती मात्र खरोखरच बाळाची : बत्तीस ओळी आणि प्रत्येक ओळीत बत्तीस ठिपके. टॉम किलबर्न यांनी लिहिलेला पहिला कार्यक्रम सतरा सूचनांचा होता. तो यंत्रात घालायचा कसा? एकेक कळ दाबून, एकेक ठिपका. एक ठिपका चुकला तरी उत्तर चुकणार. त्या दिवशी यंत्र बावन्न मिनिटे चालले आणि उत्तर बरोबर आले. पण रोज सकाळी अशी बोटे झिजवायची म्हणजे कठीणच.

त्यावर तोडगा निघाला पुढच्याच वर्षी, केंब्रिजमध्ये. मॉरिस विल्क्स यांच्या देखरेखीखाली तिथे एडसॅक नावाचा संगणक तयार झाला आणि ६ मे १९४९ रोजी त्याने पहिला कार्यक्रम चालवून वर्गसंख्यांचा तक्ता छापला. या एडसॅकसाठी डेव्हिड व्हीलर नावाच्या बावीस वर्षांच्या संशोधक विद्यार्थ्याने एकतीस सूचनांचा एक लहानसा संच लिहिला. या सूचना टेलिफोन एक्स्चेंजमध्ये वापरतात तसल्या फिरत्या स्विचांच्या तारांमध्ये कायमच्या गुंफून ठेवल्या. बटण दाबले की त्या आपोआप स्मृतीत उतरत. त्यांचे काम एकच : बाहेर लावलेली भोके पाडलेली कागदी फीत वाचायची, तिच्यावरचा मोठा कार्यक्रम स्मृतीत मांडायचा आणि सूत्रे त्याच्या हाती द्यायची. एकतीस ओळी! आजच्या संगणकाच्या पोटातही हीच युक्ती आहे. आधी अगदी थोडे, पण कधीच न पुसणारे असे काहीतरी. त्याने आपल्याहून मोठ्याला उठवायचे, मोठ्याने त्याहून मोठ्याला.

या क्रियेला इंग्रजीत 'बूट' होणे म्हणतात. आपण रोज म्हणतो, "संगणक बूट होत नाही." हा बूट पायातलाच. उंच बुटांना मागे एक पट्टी शिवलेली असते, पाय आत सरकवताना ओढायला. तिला बूटस्ट्रॅप म्हणतात. आपल्याच बुटांच्या पट्ट्या धरून स्वतःला जमिनीवरून उचलणे, हा एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत अशक्य गोष्टीसाठी वापरायचा चेष्टेचा वाक्प्रचार. जर्मन गप्पांमधला बॅरन मुनखाउझेन तर त्याच्याही पुढचा. दलदलीत रुतल्यावर त्याने म्हणे स्वतःची शेंडी स्वतःच्या हाताने ओढली आणि घोड्यासकट बाहेर आला! १९५० च्या दशकातल्या संगणकवाल्यांना ही उपमा चपखल वाटली. १९५२ मध्ये आलेल्या आयबीएम ७०१ या यंत्रावर 'लोड' नावाचे बटण होते. ते दाबले की यंत्र बाहेरून पहिली चिमूटभर सूचना उचलायचे, आणि ती सूचना मागच्या सूचनांना आत ओढायची. अशक्य गोष्ट रोज सकाळी घडू लागली. शब्द लांबलचक होता, वापरून वापरून त्याचा 'बूट' तेवढा उरला.

पण बोटांची सुटका इतक्यात नव्हती. १९६५ साली आलेल्या पीडीपी-८ या यंत्राच्या पुढच्या पाटीवर स्विचांची रांग होती. पंधरा-वीस सूचना त्या स्विचांनी घातल्या की यंत्र कागदी फीत वाचायला तयार होई. त्याची स्मृती बारीक चुंबकी कड्यांची असल्यामुळे वीज गेली तरी मजकूर टिकत असे. पण एखादा बेशिस्त कार्यक्रम त्या मजकुरावरच जाऊन आदळला, की पुन्हा स्विचांपाशी उभे राहणे आले. त्या काळच्या माणसांना ते आकडे असे पाठ झाले होते, की डोळे दुसरीकडे असतानाही बोटे चालत. अम्माचा हात जात्याच्या खुंट्यावर फिरायचा आणि ओवी आपोआप यायची, त्यातलाच हा प्रकार.

१९७५ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या एका मासिकाच्या मुखपृष्ठावर आल्टेअर ८८०० हा घरगुती संगणक झळकला. त्यावरही स्विच आणि दिवेच होते. बिल गेट्स आणि पॉल ॲलन या दोन तरुणांनी त्याच्यासाठी बेसिक ही भाषा लिहिली. प्रत्यक्ष आल्टेअर त्यांनी पाहिलाही नव्हता. दुसऱ्या मोठ्या संगणकावर त्याची नक्कल करून त्यांनी काम उरकले होते. ॲलन प्रात्यक्षिकासाठी विमानाने अल्बुकर्कला निघाले. विमान खाली उतरू लागले तेव्हा त्यांच्या लक्षात आले, की भाषा फितीवर आहे, पण ती फीत वाचायला लावणारा चिमुकला कार्यक्रम लिहायचाच राहिला! लग्नाचे वऱ्हाड निघाले आणि मंगळसूत्र घरी राहिले, तशातली गत. ॲलननी विमानातच कागदावर त्या सूचना लिहून काढल्या. मग यंत्रासमोर उभे राहून त्या स्विचांनी घातल्या. फीत फिरली, यंत्र जागे झाले आणि दोन अधिक दोन किती, याचे उत्तर त्याने चार असे दिले. मायक्रोसॉफ्ट ही कंपनी त्याच वर्षी उभी राहिली. तिच्या पायाखाली विमानात लिहिलेला तो कागद आहे.

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमचा पीसी बाजारात आला, आणि आपल्या घरांत, बँकांत, तहसील कचेऱ्यांत नंतर जे संगणक आले ते बहुतेक त्याच्याच घराण्यातले. त्यात पहिले विरजण एका चिपमध्ये कायमचे भरलेले होते. त्या मजकुराला बायोस म्हणतात. हा शब्द गॅरी किल्डाल यांनी आपल्या सीपी/एम या प्रणालीसाठी १९७० च्या दशकातच रूढ केला होता. बटण दाबले की प्रोसेसर डोळे मिटून एकाच ठरलेल्या पत्त्यावर जातो. त्या पहिल्या पीसीत स्मृतीची दहा लाखांहून थोडी अधिक घरे होती आणि हा पत्ता म्हणजे शेवटून सोळावे घर. तिथे चिठ्ठी असते : बायोस अमुक ठिकाणी आहे, तिकडे जा. बायोस आधी घरातल्यांची हजेरी घेतो. स्मृती आहे का, कळफलक आहे का, पडदा आहे का. सगळे ठीक असेल तर एकच 'टूक'. मग तो डिस्कवरचा अगदी पहिला तुकडा उचलतो. हा तुकडा पाचशे बारा बाइटचा. १९८३ मध्ये हार्ड डिस्कवाला पीसी आला, तेव्हापासून त्यातल्या सूचनांसाठी उरले फक्त चारशे शेहेचाळीस बाइट. पोस्टकार्डावर मावेल एवढा मजकूर. तो मजकूर पुढच्या कार्यक्रमाला हाक मारतो, पुढचा त्याच्या पुढच्याला, आणि शेवटी विंडोज उघडते.

रांगेत उभे राहून हातोहात पाण्याच्या बादल्या द्याव्यात, तसे हे आहे. एक जण जरी खाली बसला तरी पुढच्यांच्या हाती काहीच येत नाही. आता माझ्या पडद्यावरची ती ओळ पाहा. एनटीएलडीआर हे विंडोज एक्सपीच्या काळातल्या रांगेतल्या एका गड्याचे नाव. सुमारे अडीचशे किलोबाइटची एक फाइल. पोस्टकार्डाने त्याला हाक मारली, तो जागेवर नव्हता. बाकी सारा गाव शाबूत होता. अम्माच्या ओव्या जागच्या जागी होत्या. पण त्यांच्यापर्यंत पोचणारी वाट एका ठिकाणी खचली होती.

ही रांग इतकी नाजूक आहे, हे दुष्टांनाही लवकरच कळले. १९८६ मध्ये लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या दोन भावांनी लिहिलेला 'ब्रेन' हा पीसीवरचा सुरुवातीचा विषाणू. तो फ्लॉपीवरचा मूळ पहिला तुकडा उचलून दुसरीकडे नेऊन ठेवी आणि त्याच्या जागी आपण बसे. आपले नाव-पत्ता आणि फोन नंबरही त्यांनी आत लिहिला होता. आपल्या सॉफ्टवेअरची चोरी थांबवायची होती, असे त्यांचे म्हणणे. १९९२ च्या ६ मार्चला 'मायकेलअँजेलो' विषाणू डिस्कचा आरंभच पुसून टाकणार म्हणून जगभर घबराट उडाली. बोलबाला लाखो यंत्रांचा झाला, नुकसान काही हजारांचे झाले. मात्र १९९९ च्या २६ एप्रिलला खरेच हाहाकार झाला. तैवानमधल्या एका विद्यार्थ्याने लिहिलेला सीआयएच नावाचा विषाणू त्या दिवशी जागा झाला. चेर्नोबिलच्या अणुभट्टीचा अपघात २६ एप्रिललाच, १९८६ साली झाला होता, म्हणून लोकांनी त्याला 'चेर्नोबिल' म्हटले. त्याने डिस्कचा आरंभ तर पुसलाच, पण काही यंत्रांत बायोसची चिपही खराब केली.

आधीच्या काळी ही चिप एकदाच भरली जाई, तिच्यावर पुन्हा लिहिता येत नसे. पुढे सुधारणा करणे सोपे जावे म्हणून पुन्हा लिहिता येणाऱ्या चिपा आल्या, आणि सोयीसाठी ठेवलेल्या त्याच दारातून चोर शिरला. अशी यंत्रे 'टूक'सुद्धा करीनात. तिथे विरजणच नासले होते. मग चिप काढून दुसरीकडे नव्याने भरून आणणे किंवा बदलणे, हाच उपाय. त्यानंतर काही मदरबोर्डांवर एकाऐवजी दोन बायोस येऊ लागले : एक रोजचा, एक राखीव.

आता दुरुस्तीच्या बाजूचा इतिहास. १९९५ मध्ये विंडोज ९५ आले आणि त्यात 'सेफ मोड' नावाची सोय आली. सुरू होताना एफ-८ ही कळ दाबली की यंत्र अलंकार उतरवून, अगदी साध्या वेशात उठायचे. रंग मोजके, चित्रे मोठाली आणि ओबडधोबड, बाहेरची उपकरणे जवळजवळ सगळी दूर. आजाऱ्याला आधी पेज द्यावी, पुरणपोळी नाही, तसे. पेज पचली तर समजावे की शरीर ठीक आहे, बाधा कुठल्यातरी पक्वान्नाची आहे. मग जे नुकतेच नवे घातले असेल ते काढायचे.

पण सेफ मोडही त्याच डिस्कवरून उठतो. डिस्कवरची वाटच खचली असेल तर? तर शेजाऱ्याकडून विरजण आणायचे. २००० साली जर्मनीच्या क्लाउस क्नॉपर यांनी 'क्नॉपिक्स' नावाची एक सीडी प्रसिद्ध केली. ही सीडी घातली की तिच्यावरूनच एक संपूर्ण लिनक्स प्रणाली उठते. घरातल्या डिस्कला हात लावत नाही, तिच्यावर काही लिहीत नाही. परक्या घरातली वाटी, पण दूध आपले. आपल्या डिस्कवरच्या फाइली ती उघडून दाखवते. कल्पना पूर्वीही होती, पण सामान्य माणसाच्या यंत्रावर सहज चालेल अशी ती क्नॉपिक्समुळे झाली. आज हेच काम पेनड्राइव्ह करतो.

माझ्या भाच्याच्या बॅगेत अशीच एक सीडी होती. तो तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. रविवारी आला, यंत्राकडे बघितले आणि पहिला प्रश्न विचारला, "मामू, यानंतर यात काही नवीन टाकलंत का?" नाही म्हटल्यावर म्हणाला, "मग बहुतेक सगळं आहे." सीडी फिरली. पाच मिनिटांनी पडद्यावर अनोळखी रंग दिसले, मग माझ्या डिस्कचे कप्पे दिसले. 'अम्मा' नावाचा कप्पा दिसला. मी तो उघडायला लावला आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. ओव्यांच्या जागी इंग्रजी चिन्हांचा नुसता केरकचरा. कंस, टक्के, उद्गारचिन्हे.

भाचा हसला. म्हणाला, "अक्षरं तीच आहेत मामू, त्यांचे कपडे इथं नाहीत." मी जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केले होते, आणि तो फॉन्ट त्या सीडीवर नव्हता. त्याने आधी सारा कप्पा पेनड्राइव्हवर उतरवला, पुन्हा दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवला, आणि मगच दुरुस्तीला हात घातला. विंडोजची मूळ सीडी घातली, तिच्यावरच्या दुरुस्तीच्या कप्प्यातून ती अडीचशे किलोबाइटची फाइल आणि तिची एक सोबतीण उचलून डिस्कवर ठेवली. यंत्र पुन्हा सुरू केले. 'टूक'. विंडोज उघडले. ओव्या पुन्हा मराठीत आल्या.

दुकानातल्या मुलाला दोष देत नाही, त्याला दिवसाला वीस यंत्रे उरकायची असतात. पण त्याच्या आणि भाच्याच्या पद्धतीत फरक होता तो क्रमाचा. एकाला यंत्र सुरू करायचे होते, दुसऱ्याला आधी आतले वाचवायचे होते. घराला आग लागली तर आपण आधी माणसे बाहेर काढतो, भिंतींचे मग बघतो. संगणक उठत नसेल तर त्यावर नवे काही लिहू नये, घाईने फॉरमॅट करू नये, बाहेरच्या प्रणालीने तो जागा करावा, आतले बाहेर काढावे आणि मग दुरुस्ती. डिस्क 'खट् खट्' असा आवाज करत असेल तर तेही घरी करू नये. ताबडतोब बंद करून जाणत्याकडे न्यावे, कारण तिथे वाट खचलेली नसते, जमीनच खचत असते.

आता दोन मोठ्या घटना सांगतो, आणि थांबतो.

पहिली २००४ सालची. जानेवारीच्या सुरुवातीला अमेरिकेची 'स्पिरिट' ही सहा चाकांची गाडी मंगळावर उतरली. २१ जानेवारीला तिचे बोलणे तुटले. तुटक संदेशांवरून कळले, की गाडीचा संगणक सुरू होतो, कोलमडतो, पुन्हा सुरू होतो, पुन्हा कोलमडतो. दोन-तीन दिवसांत साठाहून अधिक वेळा असे झाले. माझ्यासारखीच तीही ती तीन बटणे दाबत होती म्हणा! रात्री झोपायचे तेव्हा ती झोपेना, त्यामुळे बॅटरी उतरू लागली. कारण नंतर स्पष्ट झाले. प्रवासात आणि नंतर साठलेल्या फाइलींची संख्या फार झाली होती. सुरू होताना त्या साऱ्यांची यादी स्मृतीत मांडायला जागा पुरत नव्हती, म्हणून यंत्र तिथेच अडखळत होते.

तिथे सीडी घेऊन जाणार कोण? निरोप पोचायलाच दहा मिनिटांहून अधिक वेळ लागे. पण ती गाडी घडवणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच करून ठेवली होती. साठवणीच्या कोठाराकडे न बघता, फक्त चालत्या स्मृतीवर उठ, अशी एक आज्ञा त्यांनी तिच्यात ठेवली होती. त्या अवस्थेला त्यांनी 'लंगडी' असेच नाव दिले होते. पृथ्वीवरून ती आज्ञा गेली. गाडी लंगडत उठली, पण उठली. मग जुन्या फाइली काढल्या, फेब्रुवारीच्या सुरुवातीला ते कोठार पुसून नव्याने आखले. नव्वद मंगळदिवसांसाठी पाठवलेल्या त्या गाडीचा शेवटचा संदेश आला तो २२ मार्च २०१० रोजी.

दुसरी घटना १९ जुलै २०२४ ची, आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने आपल्या सॉफ्टवेअरसाठी एक सुधारित फाइल जगभर पाठवली. आपल्याकडे सकाळचे नऊ वाजून एकोणचाळीस मिनिटे झाली होती. फाइलीत दोष होता. हे सॉफ्टवेअर पहारेकरी असल्याने यंत्र उठतानाच, रांगेत फार पुढे उभे असते. पहारेकरीच कोसळला. यंत्रे निळी पडली, पुन्हा सुरू झाली, पुन्हा निळी पडली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे पंच्याऐंशी लाख यंत्रे. विंडोजच्या एकूण यंत्रांच्या एक टक्क्याहूनही कमी, पण नेमकी विमानतळांवरची, रुग्णालयांतली, बँकांतली. आपल्या देशातल्या विमानतळांवर काही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले.

कंपनीने चूक अठ्ठ्याहत्तर मिनिटांत मागे घेतली. पण जी यंत्रे उठतच नव्हती, त्यांना ती सुधारणा पोचणार कशी? झोपलेल्याला पत्र वाचता येत नाही. उपाय साधा होता : सेफ मोडमध्ये उठवायचे, ती एक फाइल पुसायची. पण बहुतेक ठिकाणी तो प्रत्येक यंत्रापाशी जाऊन, हाताने करावा लागला. ज्यांच्या डिस्कवर कुलूप होते, त्यांना आधी अठ्ठेचाळीस आकडी किल्ली घालावी लागली. १९४८ साली मँचेस्टरमध्ये एक माणूस यंत्रासमोर उभा राहून एकेक ठिपका आत घालत होता. शहात्तर वर्षांनी जगभरची हजारो माणसे तशीच यंत्रासमोर उभी राहिली आणि एकेक आकडा दाबू लागली. त्याच वर्षी नोव्हेंबरात मायक्रोसॉफ्टने, न उठणारे यंत्र दुरूनच दुरुस्त करता येईल अशी सोय आणण्याची घोषणा केली. मंगळावरच्या गाडीत ती वीस वर्षांपूर्वी होती. तिथे हात पोचणार नाही हे माहीत होते, म्हणून आधी विचार झाला. इथे हात पोचतो, म्हणून तो राहून गेला.

अम्माच्या ओव्या आता तीन ठिकाणी आहेत, आणि नव्या युनिकोड लिपीत आहेत, म्हणजे कुठेही उघडल्या तरी कपड्यांसकट उघडतील. शिवाय एका जाड वहीत मी त्या हाताने उतरवल्या आहेत. पाच महिने लागले. लिहिताना जाणवले, की टाइप करताना मी तिचा आवाज ऐकत नव्हतो, फक्त शब्द पकडत होतो.

तिची एक सवय अजून आठवते. दही कितीही थोडे असो, पानावर वाढायच्या आधी ती चमचाभर एका छोट्या वाटीत काढून फळीवर सरकवून ठेवायची. आम्ही भावंडे त्या वाटीवर डोळा ठेवून असायचो. पाहुणे आले, दही कमी पडले, तरी ती वाटी खाली यायची नाही. "ते खायचं नाही," ती म्हणायची, "ते उद्याचं आहे."

आमच्या स्वयंपाकघरातल्या त्याच फळीवर आता एका डबीत एक पेनड्राइव्ह आहे. त्यावर एक लहानशी प्रणाली आहे, कुठलेही यंत्र उठवू शकेल अशी. तिला रोजच्या कामासाठी कुणी हात लावायचा नाही, असा घरात नियम आहे.